मोठ्या आतड्यातील पॉलिप : प्रकार आणि कर्करोगाचा धोका

शौचावाटे रक्त पडू लागले की ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून दुखणे अंगावर काढण्याची प्रवृत्ती सुरगाणा-पेठच्या पाड्यांपासून नाशिक शहरापर्यंत सर्वत्र आढळते. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. परंतु काही वेळा या रक्तस्रावाचे मूळ मोठ्या आतड्यातील पॉलिपमध्ये असते. तो वेळीच काढल्यास पुढे संभवणारा कर्करोग टळू शकतो.

पॉलिप म्हणजे काय?

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उगवणारी मांसल वाढ म्हणजे पॉलिप. काहींना भुईछत्रासारखा देठ असतो, तर काही अस्तराला सपाट चिकटलेले असतात. बहुसंख्य पॉलिप कोणतेही लक्षण दाखवीत नाहीत. प्रत्येक पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. धोका त्याच्या प्रकारावर, आकारावर व संख्येवर अवलंबून असतो.

प्रमुख प्रकार

१. हायपरप्लास्टिक : आतड्याच्या शेवटच्या भागातील हे लहान पॉलिप जवळजवळ निरुपद्रवी असतात.

२. दाहजन्य : आतड्याला दीर्घकाळ सूज राहिल्याने होतात. ते स्वतः सहसा कर्करोगात बदलत नाहीत. मात्र त्यामागील जुनाट दाहामुळे धोका वाढतो.

३. बालवयातील : लहान मुलांच्या शौचात रक्त दिसण्याचे हे एक कारण होय. एकटादुकटा असल्यास भीती नसते. अनेक असल्यास देखरेख आवश्यक ठरते.

४. अॅडिनोमा : मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग यातूनच उद्भवतात. यांपैकी नळीदार रचनेचे पॉलिप सर्वाधिक आढळतात व त्यांचा धोका कमी असतो. झालरीसारख्या रचनेच्या ‘व्हिलस’ पॉलिपचा धोका अधिक असतो. आकार १ सेंटिमीटर वा त्याहून मोठा असल्यास विशेष दक्षता घ्यावी लागते.

५. सपाट दातेरी : हे बहुधा आतड्याच्या उजव्या भागात असतात. सहज नजरेस न पडणारे हे पॉलिपही कर्करोगास कारणीभूत होऊ शकतात.

काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे शेकडो पॉलिप उगवतात. अशा रुग्णांत उपचाराअभावी कर्करोग जवळजवळ अटळ असतो आणि हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

प्रतिबंध शक्य आहे

अॅडिनोमाचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः १० वर्षे वा अधिक काळ लागतो. हाच अवधी आपल्या हाती असतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीद्वारे तपासणी करताना तारेच्या फासाने पॉलिप पोट न उघडता काढता येतो. ही पद्धत १९६९ पासून प्रचारात आहे. काढलेल्या पॉलिपची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच त्याचा प्रकार निश्चित होतो.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. मुंबईत १९६३ पासून व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी होत आली असून, ग्रामीण बार्शीत हे प्रमाण मुंबईपेक्षाही कमी आढळले. तथापि गाफील राहून चालणार नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाचपणी होते. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश नाही. त्यामुळे रुग्णाने आपण होऊन पुढे येणे अगत्याचे ठरते.

शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण वजन घटणे वा रक्तक्षय यांपैकी काही आढळल्यास संकोच न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा कर्करोग झाला असल्यास लक्षणांची वाट न पाहता साधारणतः चाळिशीत, किंवा नातेवाइकास रोग झाला त्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तपासणीविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे, भाकरी, डाळी व पालेभाज्या यांचा आहार आणि नियमित अंगमेहनत हितावह होय.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ग्रामसभेत हा विषय मोकळेपणाने मांडल्यास लाजेपोटी लपविलेले दुखणे वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.