आगगाडीतला नवा करार

शास्त्रपाठ : योहान 14:27, 16:33

सदरातील ऑल सेंट्स कॅथीड्रलापासून नागपूरचे स्टेशन फार दूर नाही. नागपुराहून राजनांदगावास जाताना, आगगाडीत, नारायण वामन टिळक ह्यांस एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनाशी आले, आणि मग पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

जिवाचा शोध संपला, पण घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन वेगळ्या राहिल्या. त्या दिवसांचे दुःख त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे. टिळकांची शांती सांगणाऱ्या उपदेशकाने हे पान गाळू नये.

प्रभूने शिष्यांस शांती देऊ केली ती वधस्तंभाच्या आदल्या रात्री. आणि त्याच संभाषणात, जगात तुम्हांस क्लेश होतील, असेही बजावून ठेवले. तेव्हा भाऊबंदांनी वाळीत टाकले, विहिरीवर अडविले, एवढ्यावरून आपला विश्वास खोटा ठरत नाही.

पुढे दोघे पुन्हा एकत्र राहू लागली, तरी लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीतच होत्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा त्यांनी स्वतःच विचार केला आणि तो मनातून टाकिला. बाप्तिस्मा झाला 1900 साली.

ज्याच्या घरची माणसे अद्याप विश्वासात आली नाहीत, त्याने ह्या आठवड्यात योहानाचा चौदावा अध्याय घरी मोठ्याने वाचावा. कोणी उठून गेले तर रागावू नये.