रजोनिवृत्तीची लक्षणे आणि शिफ्टमधील नोकरी

प्रश्न : चाकण येथील कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या ४७ वर्षांच्या वाचक भगिनीची पाळी अनियमित झाली असून एकाएकी अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोपमोड होते, अशा वेळी गर्भाशयाची पिशवी काढून टाकावी काय?

उत्तर : ही लक्षणे बहुधा रजोनिवृत्तीपूर्व काळाची, म्हणजे बीजांडकोशांतील इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढउतार होत घटण्याच्या काळाची असतात, त्यामुळे मेंदूतील तापमाननियंत्रक केंद्र हळवे होते आणि किरकोळ उकाड्यानेही शरीराला दरदरून घाम फुटतो. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. थायरॉइडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसत असल्याने रक्ततपासणी करून घेणे योग्य.

केवळ या लक्षणांसाठी पिशवी काढणे हा उपचार नव्हेच, उलट बीजांडकोशही काढल्यास त्रास एकदम उफाळतो. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांनी २०१९मध्ये महाराष्ट्र हादरला होता. त्रास तीव्र असल्यास संप्रेरकोपचार गुणकारी ठरतो, मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना तो सहसा देत नाहीत.

कारखान्यात ओव्हनजवळ काम असल्यास त्यातून काही काळ बदली, गणवेशाखाली सुती कपडा आणि रात्रपाळीतून सवलत यांनी मोठा फरक पडतो. कामात अशी सवलत मागताना ‘बरे वाटत नाही’ असे मोघम न सांगता रजोनिवृत्तीचा स्पष्ट उल्लेख करावा, घरीही तसेच बोलावे. तपासणी व उपचारांसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डधारकांना चिंचवडचे ईएसआय रुग्णालय, इतरांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उपलब्ध आहे. रजोनिवृत्तीनंतर थेंबभरही रक्त दिसल्यास मात्र तपासणी लांबणीवर टाकू नये.