कोंबड्यांची रात्रीची बैठक : परसातील खुराड्यात दांड्या कशा बसवाव्यात

ज्या घराला शेती नाही, त्या घरालाही कोंबड्या पाळता येतात. परसात दहा-बारा पक्षी असले, तर मुलांच्या ताटात अंडे येते आणि वह्या-पुस्तकांची किंवा दवाखान्याची नड एखादा कोंबडा विकून भागते. मी बँकेत कारकून आहे. बचत गटांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून जातात. पक्षी किती, खाद्य किती, पत्रे आणि जाळी किती, असा सर्व हिशेब त्यांत असतो. परंतु हे पक्षी रात्री बसणार कशावर, याचा रकाना मी आजवर एकाही अंदाजपत्रकात पाहिला नाही. प्रस्तुत लेख त्या न लिहिलेल्या रकान्याविषयी आहे.

स्वतःची चूक

इतरांना सांगण्यापूर्वी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरी बारा तलंगा आणल्या. मिस्त्रीकडून चार फूट रुंद व सहा फूट लांब खुराडे बांधून घेतले. वर पत्रा, समोर जाळी, दाराला कडी असे सगळे होते. आत दांडी मात्र नव्हती. दोन तलंगा संध्याकाळी आत जाईनात, त्या कडुनिंबावर जाऊन बसत. त्यांतली एक मांजराने नेली. बाकीच्या आत एका कोपऱ्यात दाटीने बसत. पावसाळ्यातल्या एका रात्री वीज कडाडली, सगळ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि सकाळी तळाच्या तीन मेलेल्या सापडल्या. मी म्हटले, रोग आला असावा. आईने खुराड्यात डोकावून पाहिले आणि विचारले, "अरे, त्यांना बसायला कुठं ठेवलंस? कोंबडी काय भुईवर निजते?"

बारापैकी चार पक्षी, म्हणजे तिसरा हिस्सा गेला होता. त्याच आठवड्यात बाभळीच्या दोन दांड्या बसवल्या. त्यानंतर उरलेल्या आठ तलंगांपैकी एकही अशी गेली नाही.

कोंबडीला दांडी का हवी?

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर चरतो, पण दिवेलागणीला झाडाच्या फांदीवर चढतो. हजारो वर्षे माणसाजवळ राहूनही आपल्या कोंबडीची ही सवय गेलेली नाही. तिला अंधारात नीट दिसत नाही. म्हणून उजेड आहे तोवर उंच जागा गाठण्याची तिची धडपड असते. खुराड्यात तशी जागा मिळाली नाही, तर ती झाडावर जाते, अंड्यांच्या खोक्यात बसते, नाहीतर कोपऱ्यात दाटी करते. झाडावर मांजराचे भय. खोक्यात बसली तर रात्रभराची घाण तिथेच पडते आणि सकाळची अंडी मळतात. भुईवर बसली तर छाती व पाय ओल्या विष्ठेत राहतात, आणि त्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू तिच्या नाकाडोळ्यांत जातो.

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीला कायद्यात स्थान मिळाले आहे. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीला किमान १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत किमान ३० सेंटिमीटर आणि दांडी व भिंत यांत किमान २० सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. तिकडच्या मोठ्या कारखानदाराला जे कायद्याने करावे लागते, ते आपल्याकडचे गरीब घर एका काठीत करू शकते.

लाकूड कोणते घ्यावे?

बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ यांची सरळ फांदी चालते. जाडी दीड ते दोन इंच असावी. साल पूर्ण काढावी, गाठी तासाव्यात, कुसळे राहू देऊ नयेत. चौकोनी रिप वापरायची असल्यास वरच्या कडा रंध्याने गोल कराव्यात. धारदार कडेवर रोज बसून आणि उंचावरून कठीण भुईवर उड्या मारून तळपायाला जखम होते, तीत गाठ धरते व पक्षी लंगडतो. लोखंडी व प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असल्याने पकड मिळत नाही, शिवाय लोखंड उन्हाळ्यात तापते व थंडीत गार पडते. बांबू स्वस्त आहे, पण निसरडा असतो आणि त्याच्या पोकळ टोकांत किडे राहतात. बांबूच वापरावा लागला, तर टोके मातीने किंवा सिमेंटने बुजवावीत.

मापाचा हिशेब

देशी कोंबडीला आठ इंच जागा धरावी. बारा पक्ष्यांना ९६ इंच, म्हणजे आठ फूट दांडी लागते. खुराडे चार फूट रुंद असेल, तर आडव्या दोन दांड्या पुरतात. गिरिराज, वनराज अशा वजनदार जातींना प्रत्येकी दहा इंच धरावेत.

पहिली दांडी मागच्या भिंतीपासून एक फुटावर आणि दुसरी तिच्यापासून सव्वा फुटावर ठेवावी. देशी पक्ष्यांसाठी उंची दीड ते दोन फूट असावी. वजनदार जातींना एक फूट पुरे, कारण जड पक्ष्याने उंचावरून उडी मारली तर पायाला इजा होते.

दोन्ही दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावे याचा एक ठरलेला क्रम असतो. नॉर्वेचे अभ्यासक श्येल्डेरुप-एब्बे यांनी तो प्रथम शास्त्रीय रीतीने मांडला. एक दांडी वर व एक खाली ठेवली, तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण होते आणि दुबळ्या पक्ष्याला खालीच बसावे लागते.

अंड्यांचे खोके दांडीपेक्षा खाली, आणि दांडीच्या बरोबर खाली न येईल असे बाजूला ठेवावे. पाण्याचे व खाद्याचे भांडेही दांडीखाली नसावे. बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यावर हवा खेळण्यासाठी पत्र्याखाली जाळीची पट्टी ठेवावी, मात्र वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये. उन्हाळ्यात पत्र्यावर गवत किंवा कडबा टाकावा.

सफाई आणि किडे

रात्रीची सगळी विष्ठा दांडीखाली एका ओळीत पडते. हा त्रास नसून सोय आहे. खाली जुनी फळी किंवा पोते ठेवून त्यावर राख पसरावी आणि रोज सकाळी उचलून खड्ड्यात टाकावे. कुजल्यावर भाजीपाल्याला उत्तम खत होते.

दांड्या खिळ्यांनी पक्क्या ठोकू नयेत. भिंतीला खाचेचे दोन ठोकळे लावून त्यांत दांडी बसवावी, म्हणजे काढता येते. गोचीड आणि रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटीत लपतात व रात्री पक्ष्यांवर चढतात. तुरा फिका पडला, अंडी कमी झाली, पक्षी संध्याकाळी आत जायला कुचरू लागले, तर रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला व टोकांशी पाहावे. किडे दिसल्यास दांड्या बाहेर काढून उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवाव्यात, भिंतींच्या फटी बुजवून चुना लावावा आणि आठ-दहा दिवसांनी हेच पुन्हा करावे. तरीही किडे हटले नाहीत, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच औषध वापरावे.

एक खुलासा आवश्यक आहे. दांडीने मानमोडी थांबत नाही, तिची लस वेळेवर द्यावीच लागते. मात्र रात्री दांडीवर शांत बसलेले पक्षी धरणे सोपे असते आणि लस देताना पळापळ होत नाही.

पिल्लांना सवय लावणे

पिल्ले साधारण महिन्याची झाली की सहा इंच उंचीवर एक बारीक काठी ठेवावी. ती खेळता खेळता चढू लागतात. विकत आणलेल्या तलंगांना ही सवय नसते. त्यांना पहिले आठ-दहा दिवस अंधार पडल्यावर एकेक उचलून दांडीवर बसवावे. आमच्या घरी हे काम आईने केले, आणि दहाव्या दिवशी आठही तलंगा आपणहून ओळीने बसल्या.

बचत गटातील भगिनींना विनंती आहे की, पुढचे अंदाजपत्रक लिहिताना पक्ष्यांच्या संख्येखाली एक ओळ वाढवावी : दांडी, इतके फूट. त्या ओळीपुढची रक्कम फार लहान असेल, कदाचित शून्यही असेल. तरी ती लिहावी, म्हणजे पक्षी घरी येण्याआधी दांडी तयार असेल.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. आपल्या किंवा शेजारच्या खुराड्याची लांबी, रुंदी आणि पक्ष्यांची संख्या लिहा. किती फूट दांडी लागेल ते काढा.
२. सलग सात दिवस पक्षी संध्याकाळी कोणत्या क्रमाने दांडीवर चढतात ते नोंदवा. क्रम बदलतो का?
३. दांडी बसवण्यापूर्वीच्या व नंतरच्या पंधरा दिवसांत मळलेली अंडी किती निघाली ते मोजा आणि घरच्यांना हिशेब दाखवा.