वाढणाऱ्याचा वाटा

॥ श्री ॥

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. घराच्या कर्जाचा हप्ता वाढला, त्याच महिन्यात धाकटीच्या शाळेची फी एकरकमी भरावी लागली, आणि म्हणून तू व सूनबाई यांनी मिळून घरच्या जमाखर्चातून कोणती कलमे वगळली व कोणती निम्म्यावर आणली, याची जी यादी तू पाठवली आहेस ती मी सावकाश वाचली. संसाराची ओढाताण न लपवता कागदावर मांडण्याचे धैर्य तुम्हा दोघांपाशी आहे, हे पाहून समाधान वाटले. यादीतील बहुतेक काटछाट मला मान्य आहे. एका कलमाविषयी मात्र माझे मत निराळे आहे, आणि त्याविषयी तू स्वतःच विचारले आहेस म्हणून सविस्तर लिहितो. महिन्यातून दोनदा तुम्ही चौघे हॉटेलात जेवता ते चालू ठेवायचे, परंतु तेथील वेटरला द्यावयाची टीप आर्थिक स्थिती सावरेपर्यंत बंद करायची, असे तुम्ही ठरवले आहे, आणि कायद्याने जे देणे लागत नाही ते अडचणीच्या दिवसांत न दिले तर त्यात गैर काय, असा तुझा प्रश्न आहे.

प्रथम हे पाहा की, तंगी आली म्हणजे आपला हात सर्वांत आधी याच कलमाकडे का वळतो. बँकेचा हप्ता चुकला तर व्याज व दंड आहे, विजेचे बिल थकले तर पुरवठा तुटतो, शाळेची फी राहिली तर चिठ्ठी घरी येते. हॉटेलच्या बिलावरील पाच टक्के जीएसटीसुद्धा छापूनच येतो, त्यात घासाघीस चालत नाही. प्रत्येक देण्याच्या मागे कोणी ना कोणी तगादेदार उभा असतो. टीप हे एकच देणे असे आहे की ते चुकवले तर कोणी नोटीस पाठवत नाही, कोणी अडवत नाही, आणि ज्याचे चुकले तो पुढच्या खेपेस तितक्याच तत्परतेने पाण्याचे पेले आणून ठेवतो. म्हणजे आपल्या ओढगस्तीचा भार आपण नकळत अशा माणसावर टाकतो, ज्याला तो नाकारण्याचा अधिकारच नाही. या एका कारणासाठी मला हे कलम कापणे मंजूर नाही.

त्या माणसाची मिळकत कशी असते तेही पाहा. आपल्या राज्यात हॉटेल व उपाहारगृहांच्या धंद्याला किमान वेतनाचा कायदा लागू आहे. किमान वेतनाची तजवीज 1948 च्या कायद्यापासून चालत आली आहे. परंतु सरकारी दप्तरातील दर आणि प्रत्यक्ष हातात पडणारा पगार यांचा मेळ सर्वत्र बसतोच असे नाही. पुष्कळ हॉटेलांत वेटर दोन वेळचे जेवण आणि निजायला एखादी सामाईक खोली किंवा माळ्यावरची जागा यांच्या बदल्यात बेताच्या पगारावर राबतात, आणि पगार जवळजवळ जसाच्या तसा गावी धाडून स्वतःचा वरखर्च टिपेवर भागवतात. कुंदापूर-उडुपीकडून आलेली मुले पूर्वी मुंबईच्या हॉटेलांत दिवसभर कपबशा उचलून रात्रशाळेत शिकत असत. आज त्या जागी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, नेपाळ येथून आलेली मुले दिसतात. कित्येक ठिकाणी टिपेची रक्कम एका डब्यात जमा होते आणि रात्री शटर ओढल्यावर टेबल पुसणारा पोऱ्या, मोरीवर भांडी घासणारा यांच्यापर्यंत तिचा वाटा पोहोचतो. ज्याला आपण कधी पाहतही नाही, तोही त्या नोटेचा हिस्सेदार असतो.

आता तुझ्या ध्यानात बहुधा न आलेली एक गोष्ट सांगतो. काटकसरीने जेवणारे कुटुंब वेटरला अधिक कष्ट देते. सूप ‘वन बाय टू’ मागवायचे म्हणजे त्याने दोन वाट्या आणून समसमान भरायच्या. मुलांसाठी भाजी बिनतिखट हवी म्हणजे त्याने आत जाऊन आचाऱ्याची मनधरणी करायची. बाटलीचे पाणी नको म्हणजे जग घेऊन चार वेळा टेबलाशी यायचे. रोट्या एकदम न मागवता लागतील तशा एकेक सांगायच्या म्हणजे तितक्याच फेऱ्या. आणि धाकटीने सांबार सांडले की फडके घेऊन वाकायचे ते निराळेच. यात तुमचे काही चुकते असे नव्हे, जपून मागवणे हा सद्गुणच आहे. परंतु बिल बाराशेवरून नऊशेवर आले म्हणून दहा टक्क्यांचा हिशेब करून टीपही एकशेवीसवरून नव्वदवर आणणे हा न्याय नव्हे, कारण बिल घटले असले तरी श्रम वाढले आहेत. शिवाय रविवारी रात्री तुम्ही तासभर बसलात म्हणजे त्या टेबलावरचे दुसरे गिऱ्हाईक तेवढा वेळ दाराशी थांबून राहिले. म्हणून टक्क्यांचे माप सोडून दे. किती माणसे बसली आणि किती वेळ बसली यावर टीप ठरव. तुमच्या ऐपतीच्या साध्या हॉटेलात निवांत जेवणाला माणशी पंचवीस रुपये, म्हणजे चौघांचे शंभर, हे मला वाजवी वाटते. सकाळच्या इडली-डोशाला दहा-वीस रुपये पुरेत.

हे शंभर आणायचे कोठून, असे तू विचारशील. तुझीच यादी समोर ठेवून सांगतो. बाराशेच्या बिलावर साठ रुपये कर धरून तुमचे 1260 जातात. त्यातले दोनशे ऐंशी रुपयांचे एक स्टार्टर वगळले, तर बिल नऊशेवीस, कर सेहेचाळीस, मिळून 966 होतात. त्यात शंभर टीप घातली तरी 1066 च भरतात. बचत झाली ती झालीच, आणि वेटरचा वाटाही राहिला. काटछाट ताटातून करावी, वाढणाऱ्याच्या वाट्यातून करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मात्र टिपेच्या नावाखाली दुसऱ्या कोणाचा खिसा भरू नकोस. काही हॉटेलांत बिलावर सेवा-शुल्क म्हणून पाच-दहा टक्के परस्पर लावलेले असतात, आणि कर त्या शुल्कासह आकारला जातो. बाराशेवर दहा टक्के लावले तर तुझे 1386 जातील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे शुल्क ग्राहकाच्या बिलात आपोआप घालण्यास मनाई केली, आणि हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा ते शुल्क काढून टाकण्यास सांगण्याचा तुला अधिकार आहे, आणि न ऐकल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परंतु हे सांगायचे ते गल्ल्यावर बसलेल्या मालकाला किंवा मॅनेजरला, बिल आणून देणाऱ्या मुलाला नव्हे. ते बिल त्याने केलेले नसते आणि बदलण्याची मुभाही त्याला नसते. शुल्क कमी झाले की ठरलेली रक्कम त्याच्या हाती दे.

अमेरिकेतल्या मित्राचे वीस टक्क्यांचे माप तू पत्रात लिहिले आहेस, त्याने दडपून जाऊ नकोस. तेथे टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान वेतन संघराज्याच्या कायद्यानुसार 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच थांबले आहे, आणि सर्वसाधारण किमान वेतन जे ताशी 7.25 डॉलर, तेथवरची भरपाई टिपेतून होते असे धरले जाते. कमी पडल्यास मालकाने भर घालायची. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये पूर्ण वेतन देववितात हे खरे, तरी एकंदरीत तिकडे गिऱ्हाईक पगाराचाच एक भाग देत असते. आपली रीत तशी नाही, म्हणून त्यांचे प्रमाण आपण उसने घेण्याचे कारण नाही. ऑफिसातल्या मेजवानीत चारचौघांसमोर पाचशेची नोट ठेवणाऱ्याशी स्पर्धा करण्याचेही कारण नाही.

तुमच्याकडे टीप बंद पडण्यास तंगीइतकेच दुसरेही एक कारण झाले असावे. फोनवरून बिल चुकते करण्याची सवय लागल्यापासून खिशात सुटे पैसेच राहिलेले नाहीत. पूर्वी उरलेली मोड बडीशेपेच्या बशीत आपसूक राहत असे. आता कोड स्कॅन केला, रक्कम पैशापर्यंत बरोबर गेली, आणि मनात असूनही द्यायला हाताशी काही नाही अशी अवस्था होते. बिलाच्या रकमेत टीप मिळवून पाठवली तर ती मालकाच्या खात्यात जाते, पुढे काय होते ते आपल्याला कळत नाही. यास्तव पगार झाला की बँकेतून वीस-पन्नासच्या नोटा आणून सूनबाईंनी एका पाकिटात घालून ठेवाव्या, आणि हॉटेलच्या कलमातून ती रक्कम त्याच दिवशी खर्ची घालावी. दोनदा जाण्याचे ठरले तर दोनशे. नोट देताना ती फोल्डरखाली सरकवून निघून जाऊ नये. त्याला बोलावून, त्याच्या डोळ्यांकडे पाहून द्यावी. गोड बोलणे अवश्य असावे, पण ते पैशाच्या जागी धरू नये.

जेवण उशिरा आले किंवा भाजीत मीठ जास्त पडले म्हणून टीप कापण्याचा मोह होईल. तेव्हा क्षणभर विचार कर की भटारखान्यातली चूक वाढणाऱ्याच्या माथी मारली जात नाही ना. तो उर्मटपणे वागला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एखाद्या महिन्यात खरोखरच शंभर रुपयेही निघत नसतील, तर त्या महिन्यात हॉटेलात बसू नका. गल्ल्यावरून पार्सल आणून घरी पंगत मांडा, किंवा जेथे आपणच कूपन घेऊन ताट उचलायचे असते अशा ठिकाणी उभ्याने खा. त्यात कमीपणा कसला? तुझ्या आजोबांनी उभ्या आयुष्यात उपाहारगृहात पाऊल टाकले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्या घरी कोणी उपाशी राहिले नाही. मुलांना कारण स्पष्ट सांगा. ती आपल्या समजुतीपेक्षा अधिक समजूतदार असतात.

एक शेवटची सूचना. ज्या हॉटेलात तुमचे वर्षानुवर्षे जाणे आहे, तेथील मुलांना दिवाळीची पोस्त देण्याचा आपल्या घरचा परिपाठ तुझ्या वडिलांनी पाळलेला तू पाहिला आहेस. यंदाच्या बोनसमधून कर्जाची काही मुद्दल फेडण्याचा तुझा मनसुबा योग्यच आहे. त्याआधी पोस्तीची रक्कम, मग ती दरवर्षीच्या निम्मी का असेना, बाजूला काढून ठेव, आणि किती ठेवलीस ते पुढच्या पत्री कळव.

वहिनींस सा. नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
काका