कारीची ती रात्र

१. मोठ्या पराक्रमाच्या वेळी घरी बाळ कोण सांभाळत होतं, हा प्रश्न मला 'जॅक-जॅक अटॅक' हा लघुपट पाहीपर्यंत कधी पडलाच नव्हता. २००४च्या 'द इन्क्रेडिबल्स' या चित्रपटात सुपरहिरो कुटुंबातले आईबाबा आणि दोन मोठी मुलं दूरच्या बेटावर खलनायकाशी झुंजतात. तान्हा जॅक-जॅक घरी, कारी नावाच्या मुलीपाशी. तिचे घाबरेघुबरे निरोप फोनवर ऐकू येतात, आपण हसतो आणि विसरतो. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड मात्र विसरले नाहीत. त्या निरोपांमागची रात्र त्यांनी २००५मध्ये पाचेक मिनिटांच्या या लघुपटात दाखवली.

२. मूल सांभाळणं पुस्तकातून येत नाही, ते मूलच शिकवतं. बाळाच्या मेंदूला चालना मिळावी म्हणून कारी मोझार्ट लावते, चित्रांची कार्डं दाखवते. शेकोटीचं कार्ड समोर येतं आणि बाळच पेट घेतं! शिवाय ते तरंगतं, भिंतीतून आरपार जातं, डोळ्यांतून किरण सोडतं. पोरीच्या नाकी नऊ येतात. पण सकाळी पाहा: किरण आले की आरसा पुढे, ज्वाळा आल्या की आग विझवायचं नळकांडं तयार. डोळ्यांत झोप, केस विस्कटलेले, हात मात्र अचूक. माझा भाचा आठ महिन्यांचा असताना एक रात्र माझ्याकडे होता. खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या घालता घालता पहाटेपर्यंत मला त्याचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं ऐकू येऊ लागलं. त्यामुळे कारीचे ते सकाळचे हात मला फार ओळखीचे वाटतात.

३. भीती वाटत असतानाही माणूस जागा सोडत नाही, हे धैर्य मला खलनायकाशी लढण्याइतकंच मोठं वाटतं. कारी रात्रभर किंचाळते, पण बाळाला टाकून पळत नाही.

४. केलेलं काम कुणाला कळलंच नाही तर? इथे मी अजूनही अडते. सरकारी अधिकारी डिकर कारीची सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी तिची आठवणच पुसून टाकतो. गुप्तता राखायची, म्हणून. २०१८च्या दुसऱ्या भागात बाबांना बाळाचे हेच प्रताप पहिल्यापासून शिकावे लागतात. त्याच वर्षीच्या 'आँटी एडना' या लघुपटात सुपरहिरोंचे पोशाख बनवणारी एडना बाळाबरोबर अशीच एक रात्र काढते. एडना मला आवडते, पण तिच्याजवळ प्रयोगशाळा आहे, यंत्रं आहेत. कारीजवळ होत्या त्या घरातल्या वस्तू. माझ्या लेखी कारीची रात्र अधिक मोठी.

५. तुमचं मूल दिवसभर कुणी सांभाळत असेल, तर संध्याकाळी घरी निघण्याआधी त्यांना पाणी द्या, बसवा आणि दिवस कसा गेला ते नीट ऐकून घ्या.