घरबसल्या कोर्स, पण पलंगाशी कोण शिकवणार?

दूरशिक्षणानं नर्स होता येत नाही. पुढचं काही वाचायला वेळ झाला नाही तरी चालेल, एवढं एक वाक्य मात्र पक्कं लक्षात ठेवा. नेमकं याच्या उलट सांगून गावोगावी फी गोळा केली जाते.

मी पुण्यात, रुग्णांच्या घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत रुग्णसेवेचं काम करते. अंथरुणाला खिळलेली, ऑपरेशनहून घरी आलेली, स्मृतिभ्रंशानं घरच्यांनाच परकी झालेली माणसं सांभाळते. ड्यूटी कधी बारा तासांची असते, कधी चोवीस. कुणी मला सिस्टर म्हणतं, कुणी मावशी. मी सिस्टर नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. गावाकडच्या मुली, लेकुरवाळ्या सुना, नवऱ्यामागे घर ओढणाऱ्या बायका कोर्सबद्दल विचारायला मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

या कामाकडे मी सासूबाईंमुळे वळले. त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि घरात त्यांचं सगळं मीच करायचे. त्या गेल्यावर वाटलं, हे येतंय तर यावरच पोट भरावं. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक इन्स्टिट्यूट होती. पाटीवर पांढरा कोट घातलेली मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली ‘सरकारमान्य नर्सिंग डिप्लोमा’. पुस्तकं घरी मिळतील, परीक्षा इथंच होईल, प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेतो, असं मॅडमनी सांगितलं. फी हप्त्यानं भरली. सर्टिफिकेट मिळालं तेही देखणं होतं: सोनेरी शिक्का, आयएसओचा आकडा, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, उद्यमचा क्रमांक. ते घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेले तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “परिषदेचा नंबर कुठाय?” इन्स्टिट्यूटला फोन लावला. “नंबर मागाहून येतो,” म्हणाले. नंतर तो फोनच लागेनासा झाला.

त्या सर्टिफिकेटवरचा एकही आकडा खोटा नव्हता, आणि खरी मेख तिथंच आहे. ट्रस्टची नोंदणी कुणीही करू शकतं. उद्यम म्हणजे लहान धंद्याची नोंद. आयएसओचा संबंध संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीशी असतो. यातला एकही आकडा ‘हा कोर्स मान्य आहे’ असं म्हणत नाही. नर्सिंगची मान्यता भारतीय परिचर्या परिषद आणि आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषद देते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तिन्ही कॉलेजात हजर राहून आणि वॉर्डात ड्यूटी करूनच पूर्ण होतात. सहा महिन्यांत घरी बसून ‘नर्स’ करणारा कुठलाही कागद या परिषदांच्या दारात चालत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरशिक्षणाचे नियम २०२० सालचे आहेत. त्यांनुसार नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, दंतवैद्यक, पॅरामेडिकल या शाखा दूरस्थ पद्धतीनं शिकवायला बंदी आहे. २०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याला धरून जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, क्लिनिकल न्यूट्रिशन हे विषयही दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशातून काढले गेले. तेव्हा ‘घरबसल्या डाएटिशियन’, ‘ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी करून समुपदेशक’ अशी जाहिरात आज कुणी दाखवली, तर ती कधीची आहे ते आधी विचारा. शेजारची ताई चार वर्षांपूर्वी तिथून पास झाली, हा पुरावा आता कामाचा नाही.

मग दूरशिक्षण वाईट का? मुळीच नाही. माझी बी.ए. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची आहे. चूल, मूल आणि शेत सांभाळून ती झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद आमच्यासारख्यांच्या घरात अक्षरशः खरं झालेलं आहे. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५पासून आहे. घरगुती आरोग्यसेवा, रुग्णालयातला सामान्य सहायक, रक्तनमुने घेणारा सहायक असे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम इग्नूनं चालवलेले आहेत. समाजकार्याची पदवी आणि एम.एस.डब्ल्यू.ही आहे. यातलं काय चालू आहे ते सत्रागणिक बदलतं, म्हणून प्रवेशाच्या वेळी ताजं माहितीपत्रकच पाहायचं. अशा कोर्सनं तुम्ही नर्स होत नाही. शिकलेल्या सहायक होता, समाजकार्यकर्त्या होता. त्या कामाला मान आहे आणि मागणीही आहे. फक्त पाटीवर एक आणि कागदावर दुसरं, असं नको.

इन्स्टिट्यूटचा तो कागद बाजूला ठेवून मी नंतर रीतसर प्रमाणपत्र कोर्स केला. त्यात रुग्णालयात जाऊन प्रॅक्टिकल सक्तीचं होतं. तिथं काय शिकले त्यातलं एकच सांगते.

पुस्तकात लिहिलेलं असतं की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं, नाहीतर बेडसोअर होतो. सुरुवातीची खूण म्हणजे कातडीवर लाली. बोटानं दाबून सोडलं तरी ती जात नाही. हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. वॉर्डात एका आजोबांच्या माकडहाडाशी मी वाकून वाकून पाहिलं, लाली काही दिसली नाही. “ठीक आहे,” म्हटलं. वॉर्डातल्या सिस्टरनं माझा हात धरला आणि हाताची पाठ त्यांच्या कातडीला लावली. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम होती आणि बोटाला कडक लागत होती. “पुस्तकातला फोटो गोऱ्या माणसाचा आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्या सावळ्या कातडीवर लाली शोधत बसलीस तर जखम उघडल्यावरच दिसेल. हात लावून बघ.” आजोबांना वळवताना मी त्यांचा लुळा हात धरून ओढायला गेले, तेव्हा सिस्टरनी थांबवलं. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडतात, हात ओढला की सांधा निसटतो. पलीकडचा गुडघा मोडायचा, एक हात खांद्यामागे, एक खुब्यामागे आणि अख्खं अंग एकदम आपल्याकडे घ्यायचं. सासूबाईंना मी हाताला धरूनच उठवत असे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोहणं काठावर बसून येत नाही, तसंच हे. म्हणून कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रॅक्टिकल कुठं, कुणाच्या हाताखाली, आणि शेवटी सही कुणाची?

‘कुठं’ याचं उत्तर रुग्णालयाच्या नावानं आलं पाहिजे. ‘टाय-अप आहे’, ‘तुमच्या जवळच कुठंतरी करा’ हे उत्तर नव्हे. ‘कुणाच्या हाताखाली’ म्हणजे नोंदणीकृत सिस्टर किंवा डॉक्टर, त्यांचं पद काय, ते रोज तिथं असतात का. आणि सही ज्या विद्यापीठाची किंवा मंडळाची असेल, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या कोर्सचं नाव आहे का, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं. इन्स्टिट्यूटच्या मोबाइलवर दाखवलेलं नाही. पदवी असेल तर अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या, यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही लागतात. विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याचा प्रत्येक कोर्स मान्य, असं नसतं. दूरस्थ पदवीच्या प्रवेशाला आता विद्यार्थ्याचा स्वतःचा डेब आयडीही काढावा लागतो. ‘त्याची काही गरज नाही’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

प्रवेश झाला की दुसरी अडचण भाषेची. मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं वाचून आलेल्या मुलीला इग्नूची इंग्रजी-हिंदी पुस्तकं जड जातात. इग्नूची बरीच पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट वाचायला मिळतात. फी भरण्याआधी आपल्या विषयाचं एक प्रकरण तिथं काढून वाचा. अर्धं समजलं तरी पुढं जा. काहीच समजलं नाही तर आधी भाषेवर थोडे महिने घाला. वॉर्डातल्या केसपेपरची भाषा आणखी वेगळी. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे लागलं तरच, एनबीएम म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.  हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा.

दूरशिक्षणात मुली बुडतात त्या अवघडपणामुळे नाही, तर पुढं ढकलण्यामुळे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, त्याआधी असाइनमेंट द्याव्या लागतात. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच्या उतरवून दिल्या की परीक्षेला कोरा कागद समोर येतो. घरच्यांना पहिल्याच दिवशी अभ्यासाची वेळ सांगून ठेवा. प्रॅक्टिकलचे दिवस लग्नसराई आणि सुगी पाहून ठरवा, कारण त्या दिवसांत कुणी सुट्टी देत नाही. असाइनमेंट जमा केल्याची पोच, फीची पावती, प्रॅक्टिकलच्या सह्या या सगळ्याचे फोटो काढून ठेवा. अभ्यासकेंद्रात कागद हरवतात, आणि तेव्हा पोच असणाऱ्याचंच ऐकलं जातं.

समाजकार्याकडे वळणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगते. एम.एस.डब्ल्यू.मध्ये फील्डवर्क असतं. ते गावातल्याच एखाद्या ओळखीच्या संस्थेत सही घेऊन उरकायचा मोह होतो. त्याऐवजी वृद्धाश्रम, सरकारी दवाखाना, व्यसनमुक्ती केंद्र अशी जागा धरा, जिथं पर्यवेक्षक रागावतो आणि डायरी वाचतो. मनोरुग्णांचं किंवा रुग्णालयातलं समाजकार्य करायचं असेल, तर एक जास्तीची काळजी घ्या. २०२१च्या कायद्याच्या अनुसूचीत या समाजकार्यकर्त्यांची नावं आहेत. त्यामुळे नोकरीच्या जागी दूरस्थ पदवी चालेल का, हे आधी लेखी विचारून घ्या.

कोर्स झाल्यावर आपली हद्द ओळखणं हे अभ्यासाइतकंच मोठं काम आहे. सहायकानं अंघोळ, खाणंपिणं, डायपर, कूस बदलणं, युरिन बॅग रिकामी करून माप लिहिणं, ती बॅग नेहमी कमरेखाली टांगलेली आहे ना हे बघणं, गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणं हातात देणं, एवढं नीट करावं. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर घालणं ही कामं नर्सची. घरचे लोक म्हणतात, “मावशी, तुम्हाला येतंय की, टोचून टाका.” ब्युरोवालेही कधी गळ घालतात. नाही म्हणा. काही बिघडलं तर घरचे आणि ब्युरो दोघंही बाजूला होतात, आणि तुमच्या कागदावर परिषदेचा नंबर नसतो.

ज्या आधीच अशा इन्स्टिट्यूटमध्ये अडकल्या आहेत, त्यांनी उरलेले हप्ते भरण्याआधी मान्यतेचं पत्र लेखी मागावं. टाळाटाळ झाली तर जाहिरात, पावत्या आणि मेसेज जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलावं. त्या कागदाच्या जोरावर ‘नर्स’ म्हणून कुठंही नाव लावू नये. बारावी झालेली आणि वय बसत असेल तर एएनएम किंवा जीएनएमची सरकारी प्रवेशप्रक्रियेचा मार्ग उघडा आहे. नाहीतर प्रॅक्टिकलचा छोटा कोर्स करावा. गेलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून त्याच जागी ‘ॲडव्हान्स डिप्लोमा’ घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तसं करू नका.

आणि फी भरण्याआधीचं शेवटचं काम. इन्स्टिट्यूटनं रुग्णालयाचं नाव सांगितलं, की एसटीचं तिकीट काढून एकट्या तिथं जा. मेट्रनना भेटा आणि विचारा की या कोर्सच्या मुली तुमच्या वॉर्डात येतात का, त्यांना पलंगाशी कोण उभं करतं. त्यांनी एखाद्या सिस्टरचं नाव घेतलं तर बिनधास्त फी भरा. इन्स्टिट्यूटचं नाव ऐकून त्या बुचकळ्यात पडल्या, तर परतीची एसटी पकडा. तिकिटाचेच पैसे गेले, फीचे वाचले.