सस्तन प्राण्यांची गणती व त्यांचीं ठिकाणें

जीं जनावरें आपल्या पिलांस अंगावरचें दूध पाजितात त्यांस सस्तन प्राणी म्हणतात. गाय, उंदीर, देवमासा व वटवाघूळ हीं सर्व ह्या एकाच वर्गांत मोडतात. वटवाघळाविषयीं कित्येकांस संशय येतो, कारण लेवीयाच्या ११ व्या अध्यायांत त्याचें नांव पक्ष्यांच्या शेवटीं आलें आहे. तेथें उडणाऱ्या जीवांचा हिशेब आहे, दूध पाजणाऱ्यांचा नव्हे. म्हणून दोहोंत विरोध मानण्याचें कारण नाहीं.

पृथ्वीवर अशा जाती किती? स्वीडन देशाच्या लिनीयस नामक पंडितानें १७५८ सालीं जी यादी छापिली तींत दोनशेंहून कमी जाती होत्या. २००५ सालच्या एका मोठ्या ग्रंथांत ५,४१६ आहेत, आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणतींत ६,४९५ भरल्या. पैकीं ९६ अलीकडच्या शतकांत नष्ट झालेल्या. तेरा वर्षांत हजार नवीं जनावरें रानांतून बाहेर आलीं कीं काय? तसें नाहीं. कांहीं खरोखर नवीं सांपडलीं, परंतु पुष्कळ दुसऱ्याच्या नांवाखालीं दडून होतीं.

यादी घरीं बसून होत नाहीं. १९११ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें पगारी संग्राहक नेमून हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, ती पहिल्यानें आपल्या खानदेशांत. मग हें काम १९२३ पर्यंत चाललें. प्रत्येक जनावराचें कातडें व कवटी राखून ठेवीत, आणि त्यास चिठ्ठी बांधीत. तींत गांव, तारीख, नर कीं मादी, आणि धड, शेपूट, मागील पाऊल व कान ह्यांचीं मापें लिहीत. आमच्या मतें खरें काम ह्या चिठ्ठींतच आहे. मंडळीच्या नोंदवहींत नुसतें “येशूदास” लिहिलें व गांव आणि बापाचें नांव लिहिलें नाहीं, तर वीस वर्षांनीं तो कोणता येशूदास हें कोण सांगेल?

सस्तनांच्या एकंदर जातींपैकीं सुमारें पांचवा हिस्सा वटवाघळांचा आहे, म्हणून उदाहरणें त्यांतलींच घेऊं. गोव्याच्या सरहद्दीजवळ, बेळगांव जिल्ह्यांत, तळेवाडीपाशीं बारापेडे नांवाच्या गुहा आहेत. तेथें १९१२ सालीं मोठ्या कानांचें एक वटवाघूळ सांपडलें. लंडनच्या संग्रहालयांतील ओल्डफील्ड थॉमस ह्यांनीं १९१३ सालीं त्यास रॉटन ह्यांचें नांव दिलें. हे रॉटनसाहेब मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांत होते, व पाहणींत आलेल्या प्राण्यांचा अभ्यास त्यांनीं केला. पुढें जवळजवळ नव्वद वर्षें ह्या जातीचें ठिकाण म्हणून ही एकच जागा यादींत राहिली. मग २००० सालच्या सुमारास ती कंबोडियांत व मेघालयांतही असल्याचें कळलें. इतकीं वर्षें ती तेथें नव्हती असें नव्हे; तेथें कोणी पाहिलें नव्हतें. यादींतील रिकामी जागा म्हणजे प्राणी नाहीं असा पुरावा नव्हे, हें शिकणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण ह्याहून चमत्कारिक. १९४८ सालीं अँगस हटन नामक गृहस्थांनीं मदुरेकडील डोंगरांत एक फळें खाणारें वटवाघूळ पकडलें. तें मुंबईस सोसायटीच्या संग्रहांत आलें, आणि सर्वत्र आढळणाऱ्या एका साध्या जातीचें समजून खणांत ठेविलें गेलें. चोवीस वर्षें तें तसेंच पडून होतें. मग सयाम देशाचे किट्टी थोंगलोंग्या ह्यांनीं नीट पाहिलें, तों त्यास शेपूट नाहीं, व पुढच्या दांतांची वर एक व खालीं एकच जोडी! साध्या जातीस आंखूड कां होईना पण शेपूट असतें. १९७२ सालीं त्यांनीं ती निराळी जात ठरवून तिला सलीम अली ह्यांचें नांव दिलें.

आतां नांवाचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. त्याच १९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादींत कावळे व उंदीर ह्यांच्या जोडीस फळें खाणारीं वटवाघुळेंही पुष्कळ वर्षें होतीं, व त्यांस मारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. सलीम अलींच्या नांवाची जात मात्र त्यांतून काढून वाघाच्या पंक्तीस, पहिल्या अनुसूचींत बसविली गेली. आणि बारापेड्याच्या वटवाघळासही तेथेंच जागा मिळाली.